वेशीवरचे वीर : गावोगावच्या युद्धस्मारकांचा विचार

राजगडास जाणारा मनुष्य गुंजवण्यास पोचला की पहिल्याप्रथम मान वर करतो. त्यात त्याचा दोष नाही. समोर एवढा प्रचंड डोंगर उभा असताना खाली कोण पाहील? पुण्याहून निघावे, नसरापुराशी मोठा रस्ता सोडावा, मार्गासनी आणि साखर ही गावे मागे टाकावीत, की गुंजवणे येते. येथून चोरदरवाजाची वाट धरली तर छातीवरच्या चढणीने माणूस थेट पद्मावती माचीवर जाऊन पोचतो. महाराजांच्या राज्याची राजधानी जवळजवळ पाव शतक याच डोंगरावर नांदली. सन २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राजगडाचेही नाव आहे. तेव्हा गडाकडे पाहून ऊर भरून यावा, हे योग्यच होय.

परंतु आज आम्ही श्रोत्यांना विनंती करणार आहो ती मान खाली करण्याची. गड राजाचा खरा. पण तो राखला कोणी? बाजीप्रभू, येसाजी कंक, कान्होजी जेधे ही नावे या मावळातीलच, आणि ती आपल्या ओठांवर आहेत. त्यांच्यामागे जे शेकडो लोक ढाल-तरवार घेऊन उभे राहिले आणि पडले, त्यांची नावे कोणत्या बखरीत आहेत? आणि त्यांच्याही आधी, गडावर तट चढण्यापूर्वी तीनचारशे वर्षे, याच खोऱ्यांतून गावासाठी जे मेले, त्यांचे काय? त्यांचे कोणी काही करून ठेवले की नाही?

करून ठेवले आहे. मावळातल्या गावी भैरोबाच्या किंवा महादेवाच्या देवळापाशी क्षणभर थांबावे. पिंपळाच्या पाराला टेकून, दीपमाळेच्या आडोशाला, कधी अर्धा मातीत रुतलेला, असा एखादा काळा कोरीव दगड पुष्कळदा दिसतो. गुडघ्यापासून छातीपर्यंत उंचीचा, आडव्या पट्ट्यांनी तीन-चार भाग पाडलेला, माथ्यावर कळस कोरलेला. कोणी त्याला शेंदूर फासलेला असतो, कोणी तेल घातलेले असते. हा कसला देव म्हणून विचारावे, तर म्हातारी माणसे म्हणतात, “तो वीर आहे.” एवढेच उत्तर मिळते, पण ते उत्तर अगदी बरोबर आहे. हा दगड म्हणजे वीरगळ. आपल्या समाजाने उभारलेले हे युद्धस्मारक आहे. ते सार्वजनिक आहे, ते अलंकृत आहे, आणि ते बहुधा सामान्य माणसाचे आहे.

‘वीरगळ’ या शब्दाची फोड केली तर त्याचे मूळ कानडीत सापडते. ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘वीरकल्लु’ म्हणजे वीराचा दगड. मराठी आणि कानडी मुलूख शतकानुशतके एका राज्याखाली राहिले, एकमेकांचे शब्द आणि देव वापरत आले. त्या शेजाराची खूण या एका शब्दात राहिली आहे. चाल मात्र केवळ या दोन मुलखांची नव्हे. गुजराथेत अशा दगडाला पाळिया म्हणतात, तमिळ देशात नडुकल म्हणतात. महाराष्ट्रात आढळणारे वीरगळ बरेचसे शिलाहार आणि यादव यांच्या काळातले, म्हणजे साधारणपणे दहाव्या ते चौदाव्या शतकांमधले आहेत. चाल मात्र पुढेही चालू राहिली.

आता हा दगड वाचावा कसा, ते पाहू. पुस्तक आपण वरून खाली वाचतो. वीरगळ खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला दिसतो. कित्येकदा त्याच्याजवळ गाईगुरांची एक रांग कोरलेली असते. गुरे दिसली की समजावे, की शत्रूने अगर चोरांनी गावचे गोधन वळवून नेले, हा मनुष्य ते सोडवावयास धावला आणि त्या झटापटीत कामास आला. त्या काळी गुरे म्हणजेच संपत्ती. गुरे गेली की शेत बुडाले, शेत बुडाले की गाव उठले. त्यावरच्या चौकटीत प्रत्यक्ष लढाई असते. ढाल-तरवार, धनुष्यबाण, भाले, क्वचित घोडा. आपला वीर इतरांपेक्षा किंचित मोठा काढलेला असतो, म्हणजे पाहणाऱ्याने चुकू नये. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी हात देऊन वर नेत असतात. आणि सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला असतो. शेजारी पूजा सांगणारा पुजारी. माथ्याशी चंद्र आणि सूर्य. ताम्रपटात ‘आचंद्रार्क’ असे शब्द लिहीत. येथे तेच दगडात काढले आहेत. चंद्रसूर्य आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ.

पाहा, चार चौकटींत केवढी गोष्ट सांगितली! अक्षर एकही नाही. ज्या गावात वाचता येणारा एखादाच, त्या गावातल्या गुराख्यालाही ती कळावी अशीच तिची रचना आहे. या दगडावरचे नक्षीकाम केवळ शोभेसाठी केलेले नाही. आज आपण ‘अलंकृत’ म्हणतो तेव्हा वरून चिकटवलेली शोभा आपल्या मनात असते. वीरगळावरील कळस, अप्सरा, चंद्रसूर्य ही शोभा नव्हे. ती मागे राहिलेल्यांना दिलेली ग्वाही आहे. ज्या बाईचा नवरा, ज्या आईचा मुलगा गुरांमागे गेला आणि परतला नाही, तिला गावाने सांगितले: तो पडला ते खाली आहे, पण गोष्ट तेथे संपत नाही, वर पाहा. खालून वर वाचण्याचा क्रम त्या सांत्वनासाठीच आहे, असे आम्हांस वाटते.

सर्व वीरगळ एका साच्याचे मात्र नाहीत. काहींवर वीर वाघाशी झुंजताना दिसतो. म्हणजे गावावर आलेल्या जनावराशी लढून तो मेला. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर गावी जे उंच वीरगळ आहेत, त्यांवर चक्क समुद्रातील लढाई कोरली आहे. वल्ह्यांची गलबते, त्यांतले योद्धे, एकमेकांवर चालून जाणारी आरमारे असा सगळा देखावा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यामध्ये युद्ध झाले. सोमेश्वर समुद्रात बुडाला असे यादवांच्या प्रशस्तीत म्हटले आहे. अभ्यासकांनी एकसरच्या दगडांचा संबंध याच युद्धाशी जोडला आहे. गोव्यातल्या वस्तुसंग्रहालयांतही गलबते कोरलेले वीरगळ ठेवलेले आहेत. आपल्या लोकांची गलबते त्या काळी कशी दिसत, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याला कागदावर फारसे काही मिळणार नाही; या दगडांवर मिळेल.

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तेथला सन ९४९-५० चा वीरगळ प्रसिद्ध आहे. तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या बाजूने गंग राजा बूतुग लढला, आणि चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. बूतुगाच्या पदरी असलेल्या मणलेर नावाच्या वीराने मोठा पराक्रम केला. राजाने बक्षीस माग म्हटल्यावर त्याने राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे त्या कुत्र्याची एका रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. मणलेराने त्याच्यासाठी दगड उभारला आणि त्याच्या पूजेची व्यवस्था लावून दिली. निष्ठेने लढून मेला तो मानकरी, मग तो कोणी का असेना, हा या चालीचा खरा अर्थ येथे उघड होतो.

आता जगाकडे थोडे पाहू, म्हणजे आपल्या वस्तूची किंमत नीट कळेल. ग्रीस देशात अथेन्सच्या केरामेइकोस या स्मशानभूमीत डेक्सिलेओस नावाच्या तरुण घोडेस्वाराची कोरीव शिळा सापडली. तो ख्रिस्तपूर्व ३९४ साली लढाईत मेला. शिळेवर तो घोड्यावरून शत्रूवर भाला रोखताना दिसतो आणि खाली त्याच्या जन्माचे व मृत्यूचे साल दिले आहे. म्हणजे चित्रही आहे आणि नावही आहे. पुढे विसाव्या शतकातल्या महायुद्धांनी स्मारकांचा निराळाच प्रकार रूढ केला. दिल्लीच्या इंडिया गेटची कोनशिला सन १९२१ मध्ये बसली आणि सन १९३१ मध्ये ते पुरे झाले. त्याच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. नावे पुष्कळ, पण त्यांतला कोण कसा लढला हे भिंत सांगत नाही. दिल्लीतच सन २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक झाले. तेथेही प्रत्येक नाव आपापल्या जागी कोरलेले आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गाव घ्या. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. सरकारने तेथे स्मारक उभारले, आणि गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले. अशा स्मृतिशिळा त्या युद्धानंतर महाराष्ट्रातील इतरही गावी बसवल्या गेल्या. गावातून किती लोक लढाईवर गेले आणि त्यांतले किती मेले, एवढा हिशेब त्यांवर असतो. आकडा आहे, गोष्ट नाही.

वीरगळाचे याच्या उलट आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही, म्हणून नाव नाही. पण त्या माणसाने काय केले ते मात्र आहे. नाव गेले, करणी राहिली. आमच्या मते या दगडाचा मोठेपणा येथेच आहे, आणि त्याचा दुबळेपणाही येथेच आहे. नाव नसल्यामुळे त्यावर कोणी हक्क सांगत नाही. ज्याचा कोणी वारस पुढे येत नाही, ती वस्तू सर्वांची असते, असे म्हणावयाचे. व्यवहारात ती कोणाचीच नसते.

हा वारसा जपावा तो कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याची कारणे आम्ही थोडक्यात सांगतो. पहिले असे, की ताम्रपट आणि शिलालेख बोलतात ते राजांविषयी आणि दानांविषयी. गावच्या साध्या माणसाविषयी बोलणारी साधने फार थोडी. वीरगळ त्यांपैकी एक आहे. दुसरे, शस्त्रे, पोशाख, केशरचना, घोड्यांचे साज, गलबते यांचा तो चित्रमय दप्तरखाना आहे. तिसरे कारण जागेचे. वीरगळ जेथे उभा आहे ती जागाही काही सांगत असते. एकाच गावी वीरगळांची दाटी असली तर तेथे घाटवाट, बाजारपेठ किंवा सरहद्द असण्याचा संभव असतो. भोरच्या शेजारीच, वाई तालुक्यात चंदन-वंदन किल्ल्यांजवळ किकली गाव आहे; तेथल्या यादवकालीन भैरवनाथ मंदिराच्या परिसरात इतके वीरगळ आहेत, की लोक त्याला वीरगळांचे गाव म्हणूनच ओळखतात. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरलाही असेच पुष्कळ वीरगळ आहेत. दगड तेथून उचलून दुसरीकडे नेला की दगड वाचतो, पण त्याची साक्ष अर्धी होते.

चौथे कारण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. हे स्मारक मेलेले नाही. कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो. नाशिकाकडे धुळवडीच्या दिवशी वीर नाचवीत मिरवतात. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या आणि खंडोबाच्या परंपरांचा अभ्यास करता करता या स्मारकशिळांकडे लक्ष वळवले, आणि सन १९८२ मध्ये एस. सेट्टर यांच्यासह त्यांवर एक मोठा ग्रंथ संपादित केला. परक्या देशातून आलेल्या विद्वानाला ज्या दगडाचे मोल कळले, ते आपल्या वेशीवर असून आपल्याला कळू नये, हे बरे नव्हे.

येथे दोन-तीन गोष्टींविषयी सावध केले पाहिजे. उत्साहाच्या भरात हल्ली कोणताही वीरगळ दिसला की त्याला शिवकालातील एखाद्या सरदाराचे नाव देण्याची चाल पडत आहे. गडाच्या पायथ्याचे दगड म्हणजे गडाच्याच काळातले, असा समज सहज होतो. पण कित्येक वीरगळ महाराजांच्या जन्माआधी तीन-चारशे वर्षांचे आहेत. ज्याचे नाव काळाने पुसले त्याच्यावर दुसऱ्याचे नाव लिहिणे, म्हणजे त्या बिचाऱ्याला दुसऱ्यांदा मारणेच होय. दुसरी गोष्ट, प्रत्येक वीर परकीयांशीच लढला असे नाही. पुष्कळ झटापटी शेजारच्या गावाशी, गुरांवरून, हद्दीवरून झाल्या. आजच्या राष्ट्रभावनेचा अंगरखा त्या माणसांना चढवू नये. गावासाठी मेला एवढा मान त्याला पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. वीरगळाच्या शेजारी पुष्कळदा सतीशिळा असते. कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात, उघडा तळवा, वर चंद्रसूर्य. जी स्त्री नवऱ्यामागे जळून गेली तिची ती खूण. त्या चालीचे गुणगान कोणत्याही शहाण्या माणसाने करू नये; ती सन १८२९-३० मध्ये कायद्याने बंद झाली हे चांगलेच झाले. पण म्हणून ती शिळा फोडावी असे नव्हे. वीरगळ पुरुषाच्या मरणाची गोष्ट सांगतो. सतीशिळा त्या मरणाची किंमत आणखी कोणी दिली ते सांगते. दोन्ही शेजारी उभ्या असल्या म्हणजेच युद्धाचा हिशेब पुरा होतो.

आता सद्य:स्थिती. देवळांचे जीर्णोद्धार गावोगाव होत आहेत. भक्ती आहे, वर्गणी जमते, संगमरवरी फरशा बसतात. अशा एका गावी आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण ती कोणत्याही गावची असू शकते. देऊळ नवे झाले होते, फार सुंदर झाले होते. जुने दगड कोठे गेले म्हणून विचारले, तेव्हा एक गृहस्थ आम्हांला मागच्या ओढ्याकडे घेऊन गेले. एक वीरगळ पालथा घालून त्यावर धुणे धुतले जात होते. दुसरा पायऱ्यांखाली भरीला गेला होता. त्या गृहस्थांना वाईट वाटत होते. “कोणी सांगितलेच नाही,” असे ते म्हणाले. त्यांच्यावर आम्ही रागावलो नाही. रागवावयाचेच तर ज्यांना ठाऊक होते आणि जे बोलले नाहीत, त्या आम्हां शहरच्या शिकलेल्या लोकांवर रागवावे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा सन १९६० चा आहे. पण जी स्मारके सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केली, त्यांनाच त्याचे छत्र मिळते. ओढ्याकाठच्या एकट्या दगडापर्यंत ते पोचत नाही. सन १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे पुरावस्तू ठरतात, आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाहीत. चोरट्या व्यापारापुरता त्याचा उपयोग आहे. परंतु धुण्याचा दगड होऊ पाहणाऱ्या वीरगळाला कायदा वाचवणार नाही. त्याला गावच वाचवील.

मग करावे काय? फारसा खर्च नाही. वीरगळ दिसला तर तो आहे त्या जागी, आहे त्या दिशेसकट टिपून ठेवावा; उंची-रुंदी मोजावी, छायाचित्र घ्यावे, गावकरी त्याला काय म्हणतात आणि कोणती गोष्ट सांगतात ते लिहून घ्यावे. त्यावर खडू घासू नये, तारेच्या ब्रशाने खरवडू नये, तैलरंग देऊ नये. दगड पडला असेल तर गावकऱ्यांच्या संमतीने त्याच परिसरात कोरडी जागा पाहून उभा करावा, आणि कोरलेला भाग सिमेंटमध्ये बुडणार नाही याची काळजी घ्यावी. पूजा होत असेल तर ती बंद पाडण्याच्या भानगडीत पडू नये. पूजेनेच तो इतकी वर्षे टिकला आहे. आणि टिपणाची एक प्रत पुरातत्त्व विभागाकडे, एक गावच्या शाळेत द्यावी. शाळेतली मुले एकदा तो दगड खालून वर वाचावयास शिकली, की पुढल्या जीर्णोद्धारात त्यावर घण घालणाऱ्याचा हात तीच धरतील.

येत्या पावसाळ्यानंतर आपणांपैकी पुष्कळ जण राजगडास जातील. जरूर जावे. बालेकिल्ला पाहावा, संजीवनी आणि सुवेळा माच्या पाहाव्यात. उतरून गुंजवण्यास आले की पाणी प्यावे, थोडे बसावे, आणि परतीच्या वाटेवर एखाद्या गावी देवळाजवळ गाडी थांबवावी. एखादा वीर दिसला तर त्याच्यापुढे वाकून पाहावे. वाकल्याशिवाय खालची चौकट दिसत नाही. ज्याने तो दगड घडवला, त्यालाही बहुधा हेच हवे होते.